मूळ, सूक्ष्मजीव आणि प्राणवायू : मुंबईच्या उपनगरांतील काही वनस्पतींचा विचार

मुळाची व्याख्या पाठ्यपुस्तकांत सामान्यतः दोन कार्यांवरून केली जाते : वनस्पतीस जमिनीत धरून ठेवणे आणि पाणी व क्षार शोषून घेणे. रूपांतरित मुळांचे प्रकरण त्यानंतर येते, आणि तेथे मुळा, गाजर, वडाच्या पारंब्या, तिवराची श्वसनमुळे, आमरांची हवाई मुळे अशी यादी देऊन विषय आटोपला जातो. सूक्ष्मजीवांशी असलेले सहजीवन मग निराळ्या प्रकरणात, बहुधा नत्रचक्राच्या आकृतीखाली, सांगितले जाते. ही विभागणी अध्यापनाच्या सोयीची असली तरी निसर्गात ती आढळत नाही. मुळाचे रूप आणि त्याच्या सोबत्यांची निवड ह्या दोन्ही गोष्टी पुष्कळदा एकाच अडचणीतून घडतात. ती अडचण म्हणजे मुळाभोवतीचा प्राणवायू. कोठे तो प्राणरक्षणापुरताही नसतो, तर कोठे नेमके कार्य साधण्यासाठी त्याला दूर ठेवावे लागते.

ह्या विचारास मुंबईची उपनगरे फार सोयीची आहेत. पूर्वेस घाटकोपर, विक्रोळी, भांडुप व मुलुंड ह्यांच्या कडेने ठाण्याची खाडी आहे. तिला लागून लोहमार्ग, रस्ते आणि वस्ती; त्यापलीकडे मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत पसरलेल्या टेकड्या आणि त्यांवरील सुमारे १०४ चौरस किलोमीटरांचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान; आणि अगदी पश्चिमेस वर्सोवा, मढ व गोराई येथील वाळूचे किनारे. पंचवीस किलोमीटरही न भरणाऱ्या ह्या पट्ट्यात खारा चिखल, भराव, बेसाल्टाची तांबूस माती आणि वाळू अशा चार निरनिराळ्या भूमी क्रमाने लागतात. सर्वत्र पाऊस दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पडतो, परंतु तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. ह्या काळात मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरतात. प्राणवायूचे विसरण हवेपेक्षा पाण्यातून सुमारे दहा हजार पट मंद होते, हा एवढा एक भौतिक नियम ध्यानात ठेवला म्हणजे पुढील बहुतेक गोष्टींचा उलगडा होतो.

खाडीपासून आरंभ करणे इष्ट. येथील प्रमुख वृक्ष तिवर, म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया मरीना. त्याची जाड मुळे चिखलाच्या पृष्ठभागाखाली आडवी पसरतात आणि त्यांच्यापासून पेन्सिलीएवढी श्वसनमुळे गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेने वर येतात. दोन-तीन मीटर उंचीच्या एका झाडास अशी दहा हजारांहून अधिक श्वसनमुळे असू शकतात. कांदळ, म्हणजे रायझोफोरा, हेच काम खोडापासून कमानीसारख्या खाली उतरणाऱ्या आधारमुळांकडून करून घेतो, तर पांढरी चिप्पी ह्या वृक्षाची श्वसनमुळे शंकूच्या आकाराची व जाड असतात. (चिप्पीस २०२० मध्ये महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष म्हणून घोषित करण्यात आले.) ह्या सर्व मुळांवर वल्करंध्रे असतात आणि आत वायूतक, म्हणजे पोकळ्यांनी भरलेले ऊतक, असते. भरतीत मूळ बुडाले की वल्करंध्रांतून पाणी आत शिरत नाही; आतील प्राणवायू श्वसनात खर्च होतो, निर्माण झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि आतील दाब उतरतो. ओहोटीने मूळ उघडे पडताच बाहेरची हवा आपोआप आत ओढली जाते. कोणत्याही स्नायूविना चालणारा हा भाता दिवसातून दोन वेळा चालतो.

हे केवळ अनुमान नव्हे. शोलँडर व त्यांचे सहकारी ह्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांदळाच्या आधारमुळांवरील वल्करंध्रे ग्रीजने बुजविली. चिखलातील मुळांमधील वायूत एरव्ही १५ ते १८ टक्के असणारा प्राणवायू त्यानंतर दोन दिवसांत २ टक्के वा त्याहूनही खाली आला. इतक्या साध्या साधनांनी इतका स्पष्ट निर्णय देणारे प्रयोग वनस्पतिशरीरक्रियाविज्ञानात फार नाहीत, आणि विद्यार्थ्यांनी तो मूळ निबंधातून वाचावा असा आहे.

ह्या व्यवस्थेचा लाभ एकट्या वृक्षासच होत नाही. मुळात आलेल्या प्राणवायूपैकी काही भाग त्याच्या बाह्यत्वचेतून चिखलात झिरपतो व मुळाभोवती काही मिलिमीटर जाडीचे प्राणवायुयुक्त आवरण तयार होते. लोहाची भस्मे साचल्याने ते पुष्कळदा तांबूस दिसते. त्याच्या बाहेर काळा चिखल असतो. त्यात सल्फेटाचे क्षपण करणारे जीवाणू राहतात आणि मुळास विषारी असा हायड्रोजन सल्फाइड निर्माण करतात. दोहोंच्या सीमेवर त्या सल्फाइडाचे ऑक्सिडीभवन करून उपजीविका करणारे जीवाणू वसतात आणि मुळाचे विषापासून रक्षण होते. विशेष म्हणजे सल्फेटाचे क्षपण करणाऱ्या जीवाणूंपैकीच काही वातावरणातील नत्राचे स्थिरीकरण करतात. मुळातून स्रवणारी शर्करा त्यांस इंधन पुरविते. ह्याला गाठींसारखे निश्चित अवयव नाहीत, म्हणून काटेकोर अर्थाने सहजीवन न म्हणता सैल सहवास म्हणणे युक्त होईल. परंतु खाडीतील नत्राच्या जमाखर्चात तो दुर्लक्षणीय नाही.

येथून एक व्यावहारिक निष्कर्ष अटळपणे निघतो. तिवराचे झाड तोडले म्हणजेच नष्ट होते असे नाही. त्याच्या श्वसनमुळांच्या उंचीइतका राडारोडा भोवती टाकला, किंवा भरतीओहोटीचे पाणी बांधाने अडविले, तर शोलँडर ह्यांनी ग्रीजने जे केले तेच घडते. फरक एवढाच की ते दोन-चार मुळांवर न घडता संपूर्ण वनावर घडते. झाडाचा शेंडा मात्र काही काळ हिरवा राहतो, आणि पाहणाऱ्यास कारण व परिणाम ह्यांचा संबंध लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम व २०१८ मध्ये अंतिम आदेश देऊन कांदळवनांच्या नाशावर बंदी घातली व त्यांच्या परिसरात भराव टाकण्यासही मज्जाव केला. ह्यातील भरावाविषयीचा भाग वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तोडीच्या बंदीइतकाच महत्त्वाचा आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्यास रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

खाडीच्या वरच्या काठावर, जेथे भरतीचे पाणी क्वचितच पोचते, तेथे करंज दिसू लागतो, आणि त्याच्यापाशी प्रश्न उलटा होतो. करंज हा शिंबावंत कुलातील वृक्ष असून त्याच्या मुळांवर ब्रॅडीरायझोबियम जीवाणूंच्या गाठी असतात. अशा गाठींतील जीवाणू वातावरणातील नत्र स्थिर करतात हे हेलरिगेल व विल्फार्ट ह्यांनी १८८६ मध्ये मांडले व बेयरिंक ह्यांनी १८८८ मध्ये त्या जीवाणूंचे शुद्ध संवर्ध मिळविले. ह्या देवाणघेवाणीचा आरंभ रासायनिक संवादाने होतो. मुळातून फ्लॅव्होनॉइड द्रव्ये स्रवतात. त्यांना उत्तर म्हणून जीवाणू नॉड घटक निर्माण करतात. मूलरोम आकड्यासारखा वळतो, त्यातून संक्रमण-तंतू आत शिरतो आणि मध्यत्वचेतील पेशी विभागू लागून गाठ घडते.

खरी अडचण पुढे असते. नत्राच्या एका रेणूचे अमोनियात रूपांतर करण्यास किमान १६ एटीपी रेणू खर्च होतात. एवढी ऊर्जा मिळविण्यासाठी जीवाणूंस प्राणवायूची नितांत आवश्यकता असते. परंतु हे कार्य करणारे नायट्रोजिनेज एंझाइम प्राणवायूच्या संपर्काने कायमचे निकामी होते. म्हणजे एकाच पेशीत प्राणवायू हवा आहे आणि नको आहे. गाठीची संपूर्ण रचना हे ह्या पेचाचे उत्तर आहे. तिच्या आतील मध्यत्वचेचा एक थर वायूंच्या विसरणास अडथळा करतो व गरजेनुसार तो कमीअधिक करता येतो. आणि मधल्या ऊतकात लेगहीमोग्लोबिन हे लाल रंगद्रव्य प्राणवायूस पकडून मोजक्या मात्रेत जीवाणूंपर्यंत पोचविते. जपानी संशोधक कुबो ह्यांनी १९३९ मध्ये ते हीमोग्लोबिन असल्याचे ओळखले. गाठ कापली असता ती आतून गुलाबी दिसली तर ती कार्यक्षम, हिरवट वा तपकिरी दिसली तर निवृत्त, ही क्षेत्रातील कसोटी ह्याच रंगद्रव्यावर आधारलेली आहे.

येथे एका सर्वसाधारण गैरसमजाचा निर्देश करणे आवश्यक आहे. शिंबावंत वृक्ष लावला की जमीन नत्राने समृद्ध होते, असे वृक्षारोपणाच्या पत्रकांतून सर्रास लिहिलेले आढळते. उपनगरांच्या रस्त्यांवर सर्वाधिक दिसणारे गुलमोहर, सोनमोहर, बहावा, चिंच व कांचन हे सर्व शिंबावंतच आहेत, पण त्यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. पांगारा, पळस, खैर, शिरीष, करंज व गिरिपुष्प ह्यांवर त्या येतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचांच्या तुलनेवरून असे दिसते की गाठी निर्माण करण्याची क्षमता उत्क्रांतीच्या ओघात अनेक वंशांनी स्वतंत्रपणे गमावली आहे. क्षमता असणे लाभाचेच असते असे मानण्याचे कारण नाही. जेथे जमिनीत नत्र पुरेसे आहे तेथे जीवाणूंस शर्करा पुरविणे हा वृक्षाच्या दृष्टीने निव्वळ भुर्दंड ठरतो.

पावसाळ्यात पाणी तुंबलेल्या जमिनीत गाठींची स्थिती आणखी बिकट होते, कारण मोजून घ्यावयाचा प्राणवायूच उरत नाही. काही वनस्पतींनी ह्यावर काढलेली तोड अशी की त्यांनी गाठी मुळांवरून खोडावर आणल्या. सेस्बानिया रोस्ट्राटा ह्या मूळच्या सेनेगलमधील शेवरीवर्गीय वनस्पतीच्या खोडावर आगंतुक मुळांचे अंकुर रांगांनी तयारच असतात. अझोरायझोबियम जीवाणू तेथील भेगांतून आत शिरतात आणि पाण्याच्या पातळीच्या वर गाठी धरतात. ह्या गाठींच्या बाहेरील थरात हरितद्रव्य असते. भातशेतीत हिरवळीचे खत म्हणून तिचा उपयोग स्पष्टच आहे. उपनगरांच्या पूर्व टोकास, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात, तिचा टीएसआर-१ हा उत्परिवर्तित वाण विकसित करण्यात आला. दलदलीत उगवणाऱ्या एस्किनोमेनी इंडिका ह्या आपल्याकडील वनस्पतीची गोष्ट तर अधिकच चमत्कारिक आहे. तिच्याशी सहजीवन करणाऱ्या काही ब्रॅडीरायझोबियम जीवाणूंत प्रकाशसंश्लेषणाची क्षमता असते आणि नॉड घटक तयार करणारी नेहमीची जनुके मात्र नसतात, असे २००७ मध्ये दाखविण्यात आले. वर वर्णिलेला रासायनिक संवाद हा एकमेव मार्ग नव्हे, हे ह्यावरून सिद्ध झाले.

गाठींचा विचार शिंबावंतांपाशी संपत नाही. पश्चिम किनाऱ्यावर गोराई व मढ ह्या बाजूंस सुरूची झाडे आहेत. सुरू, म्हणजे कॅज्युअरिना इक्विसेटिफोलिया, वाळूत वाढू शकतो ह्याचे एक प्रमुख कारण त्याच्या मुळांवरील फ्रँकिया ह्या तंतुमय जीवाणूच्या गाठी. ह्या गाठी बहुवर्षायू, शाखायुक्त व लाकडासारख्या असून त्यांच्या टोकांतून बारीक मुळे वर, हवेच्या दिशेने वाढतात. येथे प्राणवायूचा प्रश्न निराळ्या रीतीने सुटतो. इतर बहुतेक आश्रय-वनस्पतींत फ्रँकिया स्वतःच जाड भित्तींच्या पुटिका बनवून नायट्रोजिनेजचे रक्षण करतो. सुरूच्या गाठींत तो पुटिका बनवीत नाही, कारण आश्रय-पेशींच्या भित्तीच प्राणवायूस रोखण्याजोग्या बदललेल्या असतात व तेथे हीमोग्लोबिनही असते. एकाच जीवाणूचे रूप घराप्रमाणे बदलावे ह्याहून सहजीवनाचे बोलके उदाहरण सापडणे कठीण. फ्रँकियाचे शुद्ध संवर्ध १९७८ मध्येच हाती आले, म्हणजे बेयरिंक ह्यांच्यानंतर तब्बल नव्वद वर्षांनी.

उद्यानांतून लावलेल्या सायकसची प्रवाळमुळे प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली असतात. आडव्या छेदातील हिरव्या वलयाची आकृती काढून, नावे लिहून, ती विसरलीही जातात. त्या वलयात नॉस्टॉक हे नीलहरित सूक्ष्मजीव असतात व जमिनीखालच्या अंधारात ते आश्रय-वनस्पतीच्या शर्करेवर जगतात. ही मुळेही वरच्या दिशेने वाढतात. येथे मुळास प्राणवायू रोखण्याची तसदी घ्यावी लागत नाही. नॉस्टॉकच्या साखळीतील जाड भित्तींच्या विशिष्ट पेशीच ते काम करतात. म्हणून प्रवाळमुळांत लेगहीमोग्लोबिन शोधण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. आणखी एक भेद असा की ही मुळे नॉस्टॉकच्या आगमनापूर्वीच आकार घेऊ लागतात. शिंबावंतांत मात्र पाहुण्याच्या निरोपाशिवाय घर सहसा बांधले जात नाही.

आता टेकड्यांकडे वळू. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्या ज्वालामुखी कालखंडात, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, निर्माण झाली त्याच कालखंडातील खडकांवर बोरिवलीचे जंगल उभे आहे. ह्या खडकांच्या अपक्षयाने झालेल्या मातीत लोह व अॅल्युमिनियम ह्यांची भस्मे विपुल असतात व ती स्फुरदास घट्ट बांधून ठेवतात. त्यामुळे येथील पहिली अडचण प्राणवायूची नसून स्फुरदाची आहे. मुळाभोवतीचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा थर स्फुरदाने लवकरच रिता होतो, आणि मूलरोम त्यापलीकडे पोचत नाहीत. साग, ऐन आणि त्यांच्या सोबतचे बहुतेक वृक्ष हे काम कवकांवर सोपवितात. मुळाच्या मध्यत्वचेत शिरून झाडासारख्या फांद्या फोडणारे आणि बाहेर मातीत कित्येक सेंटिमीटर पसरणारे हे कवकतंतू स्फुरद आणून देतात; बदल्यात वृक्ष शर्करा देतो व, २०१७ च्या संशोधनानुसार, मेदाम्लेही देतो, कारण ह्या कवकांस ती स्वतः बनविता येत नाहीत. कवक व मूळ ह्यांच्या ह्या जोडसंस्थेस संकवक म्हणतात. फ्रांक ह्यांनी १८८५ मध्ये तिचे नामकरण केले. परंतु स्कॉटलंडमधील राइनी येथील सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांतही तिची चिन्हे आढळतात. त्या काळच्या वनस्पतींस खरी मुळे नव्हती. म्हणजे सोबती आधी आला आणि मूळ मागाहून. नंतर शिंबावंतांनी व सुरूने गाठींसाठी जी संदेशव्यवस्था वापरली तिचा मोठा भाग ह्याच जुन्या कवक-सहजीवनातून उसना घेतलेला आहे.

ह्याच जंगलात जुन्या वृक्षांच्या खोडांवर रास्ना व सीतेची वेणी ही आमरे वाढतात. त्यांच्या हवाई मुळांवरील मृत पेशींचे पांढरे, टीपकागदासारखे आवरण पहिल्या सरींचे पाणी, खोडावरून वाहत येणाऱ्या क्षारांसह, अल्पावधीत शोषून घेते. हे झाले मुळाचे रूपांतर. परंतु आमराचे बी इतके सूक्ष्म व अन्नसाठ्याविना असते की निसर्गात योग्य कवक भेटल्याखेरीज ते रुजतच नाही, हे फ्रेंच संशोधक बेर्नार ह्यांनी १८९९ मध्ये दाखविले.

टेकड्या व खाडी ह्यांच्या मधला पट्टा, म्हणजे रस्ते व वस्ती, ह्यांविषयी सांगण्यासारखे थोडे आहे आणि ते आनंददायक नाही. बुंध्यापर्यंत सिमेंट घातलेल्या वृक्षाखालील मातीत हवेचा शिरकाव फारच थोडा होतो. तेथे प्रथम उपासमार होते ती बारीक मुळांची व त्यांच्यावरील कवकांची. ही कवके प्राणवायूवर जगणारी आहेत. जाड मुळे साठ्यावर काही वर्षे तग धरतात, आणि वृक्ष कोसळतो तेव्हा दोष वादळाला दिला जातो. वडाच्या पारंब्या पदपथावर टेकण्यापूर्वीच छाटल्या जातात. मातीत शिरल्यावर त्यांना मिळाला असता तो आधार व सोबत दोन्ही नाकारली जातात. बांधकामासाठी खणलेल्या जागी कवकतंतूंचे जाळे तुटते व तेथे प्रथम काटेमाठासारखी तणे माजतात. माठाचे कुल संकवकाविना जगणाऱ्या मोजक्या कुलांपैकी आहे, हा योगायोग नव्हे. मोठा वृक्ष मुळांच्या गोळ्यासह उचलून दुसरीकडे नेला म्हणजे त्याचे पुनर्रोपण झाले असे मानले जाते. परंतु शोषण करणारी बहुतेक बारीक मुळे त्या गोळ्याच्या बाहेर राहिलेली असतात, आणि सोबतीही तेथेच राहतात. ही कवके पुष्कळ जातींच्या वृक्षांशी जुळवून घेणारी असल्यामुळे नव्या जागी सोबत मिळणे अशक्य नसते. मात्र तिला लागणारा वेळ आणि वृक्षाकडे उरलेला साठा ह्यांची ती शर्यत असते. रोपांबरोबर जुन्या झाडाखालची मूठभर माती देण्याची कित्येक माळ्यांची रीत ह्या दृष्टीने पुष्कळ समंजस म्हटली पाहिजे.

हा पट्टा अभ्यासासाठी खर्चिक नाही. एकच जाती, करंज, खाडीच्या काठी, सिमेंटच्या आळ्यात आणि टेकडीच्या पायथ्याशी अशा तिन्ही ठिकाणी सापडते. बारीक मुळे १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडात तापवून पारदर्शक करावीत व ट्रिपॅन ब्ल्यूने रंगवावीत, ही फिलिप्स व हेमन ह्यांची १९७० ची रीत कोणत्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येते. कवकाने व्यापलेल्या मुळांचे प्रमाण जाळीवर मोजावे. त्याच मुळांवरील गाठी कापून आतील रंग नोंदवावा आणि प्रत्येक ठिकाणच्या मातीचा घट्टपणा व ओलावा सोबत लिहून ठेवावा. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीतून नमुने घेण्यास वनविभागाची लेखी अनुमती लागते. ती पावसाळ्यापूर्वीच मागावी, कारण गुलाबी गाठी मिळण्याची शक्यता माती ओली असतानाच अधिक असते.